डर्वेंट खोऱ्यातली दोन गावं: बुडितात कोण मोजलं गेलं?

इंग्लंडच्या डर्बीशायर काउंटीत, पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत, लेडीबॉवर नावाचा जलाशय आहे. त्याच्या तळाशी दोन गावं आहेत, डर्वेंट आणि ॲशॉपटन. 1943 मध्ये इथे पाणी अडवायला सुरुवात झाली आणि 1945 मध्ये धरणाचं रीतसर उद्घाटन झालं. धरण हवं होतं की नको, या वादात मी पडत नाही. शहरांना पाणी लागत होतं, हे उघड आहे. मला पाहायचंय ते एवढंच की खोरं रिकामं करायचं ठरल्यावर कोणाचा हक्क कुठल्या कागदावर होता, आणि त्यावरून कोणाच्या पदरात काय पडलं. माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. गावांची आणि संस्थांची नावं जाहीर नोंदीतलीच आहेत, ती तशीच ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

डर्वेंट नदी ब्लीकलोच्या दलदलीच्या माळावर उगम पावते, दक्षिणेला वाहत डर्बी शहर ओलांडते आणि ट्रेंटला मिळते. उगमाकडचं खोरं अरुंद आहे. पश्चिमेकडून येणारी ॲशॉप नदी तिला जिथे मिळायची, त्या संगमाशी ॲशॉपटन वसलेलं होतं. शेफील्डहून ग्लॉसपकडे जाणारा रस्ता गावातूनच जायचा. त्यामुळे गाव लहान असलं तरी प्रवाशांच्या मुक्कामाची खाणावळ, मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचं प्रार्थनाघर आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचा राबता होता. डर्वेंट तिथून थोडं वर, आडबाजूला. चर्च, शाळा, पाद्रीसाहेबांचं घर, नदीवरचा जुना दगडी पूल आणि डर्वेंट हॉल हा सतराव्या शतकातला वाडा. हा वाडा 1932 मध्ये डोंगरात भटकंतीला येणाऱ्यांसाठी यूथ हॉस्टेल म्हणून खुला झाला होता. खोऱ्याचं भवितव्य ठरून गेल्यावरची ही गोष्ट आहे.

इथली शेती कशी चालायची हे समजून घेतल्याशिवाय पुढचं नुकसान कळत नाही. एका शेताचे तीन थर असत. नदीकाठच्या सपाट कुरणांत उन्हाळ्यात गवत कापून वाळवायचं, ती हिवाळ्याची बेगमी. त्याच्यावर उतारावर, दगडी गडग्यांनी आखलेली चराऊ रानं. आणि सगळ्यात वर उघडा माळ, जिथे मेंढ्या उन्हाळाभर मोकळ्या सोडायच्या. माळावर कुंपण नसतं. कुठवर चरायचं हे मेंढीला आईच्या मागे फिरून कळतं आणि कळप पिढ्यानपिढ्या आपापल्या हद्दीत राहतो. म्हणून शेतकरी बदलला तरी कळप शेताबरोबरच राहतो, दुसऱ्या डोंगरावर नेऊन चालत नाही. आता यातला खालचा थर पाण्याखाली घाला. क्षेत्र थोडंच जातं, पण हिवाळ्याचं गवत जातं, आणि गवताशिवाय वरच्या माळाचा काही उपयोग उरत नाही.

‘पॅरिश’ या व्यवस्थेबद्दलही दोन शब्द. इंग्लंडमध्ये पॅरिश दोन तऱ्हेचा. एक चर्चचा: लग्न, बाप्तिस्मा, दफनभूमीत जागा, हे सगळं त्याच्याशी बांधलेलं. दुसरा नागरी, म्हणजे साधारण आपल्या ग्रामपंचायतीच्या पातळीवरचा. 1894 च्या कायद्याने नागरी पॅरिशांना निवडून दिलेल्या कौन्सिल मिळाल्या, पण 300 पेक्षा कमी वस्तीच्या ठिकाणी ती आपोआप मिळत नव्हती. तिथे गावसभेवरच भागवायचं. डोंगरातल्या विरळ वस्तीला आवाज होता, तो एवढाच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: खोऱ्यातली बहुतेक जमीन बड्या उमरावांच्या इस्टेटींची होती. घरात राहणारे आणि शेत कसणारे बहुतेक जण भाडेकरू किंवा कुळं होते.

अडचण

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेफील्ड, डर्बी, नॉटिंगहॅम आणि लेस्टर ही कारखानदारीची शहरं फुगत चालली होती आणि सगळ्यांची नजर याच खोऱ्यावर होती. भरपूर पाऊस, अरुंद दरी, विरळ वस्ती. धरणासाठी याहून सोयीचं काय असणार? एकाच पाण्यासाठी शहरं संसदेत एकमेकांसमोर उभी राहिली, तेव्हा 1899 मध्ये कायदा करून सगळ्यांचं मिळून डर्वेंट व्हॅली वॉटर बोर्ड नेमण्यात आलं. चार शहरं आणि डर्बीशायर काउंटी यांच्यात पाण्याची वाटणी झाली. पाणी कोणाला किती, हा प्रश्न तिथेच मिटला. पाणी जिथून जाणार तिथल्या माणसांचा प्रश्न मात्र त्या वाटणीचा भागच नव्हता.

पहिल्या टप्प्यात वरच्या अंगाला हाऊडन आणि डर्वेंट ही दोन दगडी धरणं झाली. हाऊडनचं काम 1901 मध्ये सुरू होऊन 1912 मध्ये संपलं, डर्वेंटचं 1902 ते 1916. यात शेतघरं गेली, पण गावं वाचली. ग्रिंडलफोर्डजवळच्या बोल हिल खाणीतून दहा लाख टनांहून अधिक दगड खास टाकलेल्या रेल्वेने वर आणला गेला.

मजुरांसाठी बोर्डाने बर्चिनली इथे पत्र्याच्या घरांचं अख्खं गाव उभारलं. लोक त्याला ‘टिन टाउन’च म्हणत. तिथे दवाखाना होता, शाळा होती, दुकानं होती, करमणुकीचं सभागृह होतं, सार्वजनिक स्नानगृह होतं. सुमारे 900 माणसं तिथे राहिली, आणि काम संपल्यावर गाव उचकटून नेलं. ही नोंद लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिल्या महायुद्धानंतर तहान आणखी वाढली आणि खालच्या अंगाला तिसरं, सर्वांत मोठं धरण बांधायचं ठरलं. ते लेडीबॉवर. या वेळी दोन्ही गावं बुडितात आली.

समोर असलेले पर्याय

मूळ आराखडा टप्प्याटप्प्याने बऱ्याच दगडी धरणांचा होता. पुढे तो बाजूला ठेवून बोर्डाने एकाच मोठ्या धरणाचा मार्ग धरला. इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं तर हिशेब सरळ आहे. अनेक भिंती, अनेक पाये आणि प्रत्येकासाठी घडीव दगड, यापेक्षा रुंद जागी मातीचा एकच बांध. लेडीबॉवरचा बांध मातीचा आहे, आत चिकणमातीचा गाभा. पाणी खालून झिरपू नये म्हणून पायात 180 फूट खोल आणि 6 फूट रुंद चर खणून काँक्रीटने भरला आणि तो दोन्ही डोंगरांच्या पोटात घुसवला. मातीच्या धरणाबद्दल या भागात धास्ती असणं साहजिक होतं. 1864 मध्ये शेफील्डजवळचं डेल डाइक धरण पहिल्यांदाच भरत असताना फुटलं आणि 240 हून अधिक माणसं गेली. त्यामुळे पायावर केलेला खर्च मला उधळपट्टी वाटत नाही.

गावकऱ्यांपुढचे पर्याय याहून फार तोकडे होते. मालकाला जमीन विकताना घासाघीस करता येते. सक्तीच्या संपादनासाठी 1845 चा लँड क्लॉजेस कायदा लागू व्हायचा. त्यात मालकाला जमिनीची किंमत मिळायची, शिवाय जमीन तुटल्यामुळे उरलेल्या भागाचं जे नुकसान होई तेही मागता यायचं. वर्षाच्या कराराने राहणाऱ्याला काय? करारातली उरलेली मुदत, केलेल्या सुधारणांचा मोबदला, हलण्यामुळे झालेलं नुकसान. बस. घरात तीन पिढ्या गेल्या असल्या तरी कायद्याच्या लेखी तो माणूस पुढच्या भाडेमुदतीपुरताच तिथला.

हे मराठी वाचकाला परकं वाटू नये. भारतातला 1894 चा भूसंपादन कायदा याच इंग्रजी परंपरेतला, आणि 1921 मध्ये मुळशीत सत्याग्रह उभा राहिला तो याच कायद्याने होणाऱ्या संपादनाविरुद्ध. तिथेही जमिनीवर नाव असलेले सावकार मोबदला घेऊन मोकळे झाले आणि जमीन कसणारा मावळा मागे उरला. दोन्ही खोरी एकाच कायदेशीर कल्पनेखाली आली, हा योगायोग नाही.

डर्वेंटमध्ये सत्याग्रह झाला नाही. जमीन आपली नाही, विकणारा विकून मोकळा झालाय, मग लढायचं कशासाठी आणि कोणाशी?

काय केलं गेलं

बांधाचं काम 1935 मध्ये सुरू झालं. रस्ता बुडणार म्हणून आधी दोन उंच पूल बांधावे लागले. त्यातला एक थेट ॲशॉपटनच्या डोक्यावरून गेला. त्या काळचे फोटो पाहिले की खाली धुराडी, घरं, परसबागा आणि वर आभाळात काँक्रीटचे खांब असं दृश्य दिसतं. पाण्याची पातळी कुठवर येणार हे गावकऱ्याला नकाशात शोधायची गरज नव्हती, मान वर केली की झालं. ॲशॉपटनच्या प्रार्थनाघरातली शेवटची उपासना 1939 मध्ये झाली. डर्वेंटचं चर्च त्यानंतरही चालू राहिलं, तिथली शेवटची उपासना 17 मार्च 1943 ला.

गावकऱ्यांसाठी बोर्डाने धरणाच्या खालच्या बाजूला, बॅमफर्ड पॅरिशमध्ये, यॉर्कशायर ब्रिज नावाची वसाहत बांधली. घरं चांगली, दगडी. आजही लोक तिथे राहतात. त्या काळात पुनर्वसनाच्या नावाखाली जगभर जे चाललं होतं ते पाहता ही गोष्ट बोर्डाच्या बाजूने नोंदवायलाच हवी. पण ती घरं बोर्डाची, म्हणजे भाडेकरू तो भाडेकरूच राहिला, फक्त मालक बदलला. शेत नव्हतं, माळ नव्हता, कळप नव्हता.

निर्जीव वस्तूंच्या बाबतीत मात्र कमालीची तपशीलवार काळजी घेतली गेली. डर्वेंटचा दोन कमानींचा दगडी पूल हा मालवाहू घोड्यांचा पूल. असे पूल अरुंद असतात, घोड्यांची रांग एकामागून एक जाईल एवढेच. तो संरक्षित स्मारक असल्यामुळे बुडू देता येत नव्हता. म्हणून एकेक दगड क्रमांक घालून सोडवला आणि ठेवून दिला. पुढे 1959 मध्ये तोच पूल खोऱ्याच्या टोकाला, हाऊडन जलाशयाच्या वर, स्लिपरी स्टोन्स या ठिकाणी पुन्हा जुळवला. आजही त्यावरून चालत जाता येतं.

मृतांचीही रीतसर सोय झाली. डर्वेंटच्या दफनभूमीतले अडीचशेहून जास्त देह उकरून बॅमफर्डच्या चर्चच्या आवारात पुन्हा दफन केले. चर्चची घंटा डर्बीच्या चॅडेस्डेन भागातल्या चर्चला गेली. डर्वेंट हॉल पाडला. चर्चचा मनोरा तेवढा आठवण म्हणून उभा ठेवायचं ठरलं.

परिणाम

सप्टेंबर 1945 मध्ये राजे सहावे जॉर्ज यांच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं. पाणीपुरवठ्यापुरतं बोलायचं तर योजना पुरेपूर यशस्वी ठरली. तिन्ही जलाशय आजही त्याच कामाला आहेत. त्याआधी, 1943 मध्ये, वरच्या डर्वेंट धरणावर ब्रिटिश हवाई दलाच्या 617 स्क्वॉड्रनने जर्मन धरणांवरच्या हल्ल्याची रंगीत तालीम केली होती. आज तिथे येणाऱ्या पुष्कळ लोकांना खोऱ्याची एवढीच एक गोष्ट माहीत असते.

मनोऱ्याचा बेत फसला. पाणी उतरलं की लोक त्याच्यापर्यंत जाऊ लागले. धोका वाढला, तेव्हा 15 डिसेंबर 1947 ला तो सुरुंग लावून पाडला. अजूनही दुष्काळात पर्यटक ‘पाण्यातून वर येणारा मनोरा’ शोधत येतात. तो जाऊन पाऊणशे वर्षं झाली.

1976, 1995, 2018 आणि 2022 या कोरड्या वर्षांत डर्वेंटचे अवशेष उघडे पडले. ॲशॉपटन दिसत नाही, त्यावर गाळ बसलाय. 2018 मध्ये तर झुंबड उडाली. कोणी चिखलात रुतला, त्याला डोंगरी बचाव पथकाने बाहेर काढलं. कोणी उरल्यासुरल्या भिंतींवर नावं कोरली. उजनीचं पाणी उतरल्यावर पळसदेवच्या देवळाकडे जशा होड्या निघतात, तशीच ही गर्दी. फरक एवढाच की पळसदेवला येणाऱ्यांत अजून बुडितातली माणसं सापडतात.

पाण्याच्या रेषेच्या वर जे घडलं ते फारसं सांगितलं जात नाही. पिण्याचं पाणी शुद्ध राहावं म्हणून पाणलोटातली वस्ती आणि गुरं कमी करण्याकडे त्या काळच्या पाणी मंडळांचा कल होता. डर्वेंट खोऱ्यातही काठावरची, कधीही न बुडणारी शेतघरं ओस पडली आणि उतारांवर सूचिपर्णी झाडांची लागवड झाली. आज त्या झाडीतून चालताना मधेच दगडी जोती लागतात. ती घरं बुडाली नाहीत. ती बुडितग्रस्तही ठरली नाहीत.

निर्णयाचे टप्पे, आणि काय वेगळं करता आलं असतं

पहिला टप्पा 1899 चा. बोर्डावर पाणी घेणाऱ्यांना जागा होती, देणाऱ्यांना नव्हती. काउंटीचा प्रतिनिधी होता खरा, पण काउंटीलाही स्वतःच्या वाट्याचं पाणी हवं होतं. दोन गावांच्या गावसभांना मिळून एक जागा दिली असती तर धरण थांबलं नसतं. पण घरं कुठे, कशी, कोणाच्या मालकीची, हे प्रश्न निदान इतिवृत्तात आले असते.

दुसरा टप्पा वाटतो त्याहून महत्त्वाचा: मधला काळ. 1899 मध्ये कायदा झाला आणि 1943 मध्ये पाणी आलं. मध्ये 44 वर्षं गेली. जे घर जाणार आहे त्याचं छप्पर कोण बदलतो? कुठला मालक गोठा दुरुस्त करतो? कुठलं तरुण जोडपं तिथे संसार थाटतं? गाव पाण्याने बुडण्याच्या आधी अशा वाट पाहण्याने झिजतं, आणि भरपाई मोजली जाते ती झिजलेल्या गावाची. संपादनाची शेवटची तारीख बांधून देणं आणि तोवरच्या डागडुजीची जबाबदारी बोर्डावर टाकणं, एवढं तेव्हाही अशक्य नव्हतं.

तिसरा टप्पा वसाहतीचा. इथेच बर्चिनली आठवायचं. शाळा, दवाखाना आणि सभागृहासकट गाव कसं वसवायचं हे बोर्डाला पक्कं ठाऊक होतं. ते त्यांनी करून दाखवलं होतं, तेही काही वर्षांत मोडून टाकायच्या गावासाठी. मजूर टिकवायचे होते म्हणून ते गाव झालं. गावकरी टिकवायची गरज नव्हती, म्हणून घरं झाली. माझ्या मते या सबंध प्रकरणात बोर्डावर ठेवण्यासारखा खरा ठपका हाच आहे, कारण इथे ना कायदा आडवा येत होता ना अनुभव कमी पडत होता.

चौथा मनोऱ्याचा. मनोरा ठेवण्यामागे भावना चांगली होती, पण जलाशयाची पातळी दरवर्षी खालीवर होणार हे बांधणाऱ्यांना माहीत होतं. त्यापेक्षा पुलासारखा तोही वर हलवला असता, किंवा निदान काठावर नावानिशी नोंद उभारली असती, तर चार वर्षांत सुरुंग लावायची वेळ आली नसती. ठेवायचं तर सांभाळायचं कोणी, हे तेव्हाच लिहून ठेवायला हवं होतं.

पाचवा आणि सर्वांत अवघड, तो ‘बाधित कोण’ याचा. पुलाला स्मारकाचा कायदा होता, मृतांना चर्चचा, उमरावाला 1845 चा. प्रत्येकाचं काम त्या त्या रकान्यात चोख झालं. कुळाचं शेत मात्र कुठल्याच रकान्यात पूर्ण बसत नव्हतं. कुरण पाण्यात, माळ कोरडा, कळप जागेशी बांधलेला. एकराच्या हिशेबाने पाहिलं तर नुकसान थोडं, संसाराच्या हिशेबाने सगळं. शेत हे तीन थरांचं एक एकक धरून मोजलं असतं, तर पाण्याच्या रेषेच्या वरची कितीतरी घरं यादीत आली असती आणि खर्च वाढला असता. बोर्डाने ते केलं नाही याचं नवल नाही. ते करायला भाग पाडणारं कोणी नव्हतं.

इंग्लंडमध्ये भाडेकरूलाही घर गमावल्याबद्दल वेगळी रक्कम देण्याची तरतूद आली ती 1973 च्या लँड कॉम्पेन्सेशन कायद्याने. दुसऱ्या घराची सोय नसलेल्यांना घर देण्याची जबाबदारीही त्याच कायद्याने स्थानिक प्रशासनावर टाकली. यॉर्कशायर ब्रिजला राहायला गेलेल्यांना त्याचा उपयोग नव्हता. आणि त्या कायद्यातही मोबदला घराचा, शेताचा, धंद्याचा मिळतो. गावासाठी वेगळा रकाना त्यातही नाही.